विसर पडण्यापूर्वीची उजळणी

पिकास पाणी केव्हा द्यावे, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. एकाच दिवशी वाफे तुडुंब भरून महिनाभर तिकडे न फिरकणारा पाणीही दवडतो व पीकही. विद्येचेही असेच आहे, हे आम्हांस सेवानिवृत्तीनंतर, सुनेच्या परीक्षेमुळे कळले.

गावच्या महिला बचत गटाने फवारणीचे ड्रोन घेण्याचे ठरविले व ते चालविण्याकरिता आमच्या सूनबाईंची निवड केली. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्यास दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. उमेदवार १८ ते ६५ वयाचा व दहावी उत्तीर्ण असावा लागतो आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. गटाने फी भरली. सूनबाईंनी दोन रात्री जागून सारे नियम पाठ केले. आठ दिवसांनी आम्ही प्रश्न विचारले, तो निम्मी उत्तरे चुकली. "मामंजी, बायकांचे पैसे माझ्यामुळे बुडणार," एवढेच त्या बोलल्या.

आम्हांस आमचेच दिवस आठवले. गाव नमुने एका रात्रीत घोकून आम्हीही खात्याच्या परीक्षेत एकदा नापास झालो होतो. तेच नमुने पुढे वर्षानुवर्षे हाताखालून गेले व आज तोंडपाठ आहेत.

याचे मर्म जर्मन पंडित हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मांडले होते. निरर्थक अक्षरे पाठ करून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. विसर आरंभी झपाट्याने पडतो व नंतर मंदावतो, असे त्यांस आढळले. एका दमात केलेल्या ६८ आवृत्त्यांचे काम तीन दिवसांवर वाटलेल्या ३८ आवृत्त्यांनी होते, हेही त्यांनी दाखविले. पुढे सेबास्टियन लाइटनर यांनी याकरिता चिठ्ठ्या व कप्प्यांची सोपी रीत प्रसिद्ध केली. तीच आम्ही अनुसरली.

जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. एका अंगास प्रश्न, दुसऱ्या अंगास उत्तर. खोक्यात चार कप्पे केले. पहिल्यातील चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातील तीन दिवसांनी, तिसऱ्यातील सात व चौथ्यातील पंधरा दिवसांनी विचारावयाच्या. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाई. चुकले की थेट पहिल्यात परत. जमीन ओली असता पाणी देऊ नये व भेगा पडेपर्यंतही थांबू नये, तसाच हा उजळणीचा वाफसा होय.

आरंभी आमचीही चूक झाली. एकेका चिठ्ठीवर आम्ही अख्खा नियम उतरविला, त्यामुळे नेमके काय चुकले ते कळेना. मग एका चिठ्ठीवर एकच गोष्ट ठेविली. २ किलोहून अधिक व २५ किलोपर्यंत वजनाचे ड्रोन कोणत्या वर्गाचे? लघु. हरित क्षेत्रात साधारण उंचीची मर्यादा किती? ४०० फूट. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांत किती? २०० फूट. लाल क्षेत्रात परवानगी कोणाची? केंद्र सरकारची. उत्तर स्वतः आठवून मोठ्याने सांगितल्यावाचून चिठ्ठी उलटावयाची नाही, हा दंडक होता.

रोज संध्याकाळी चूल पेटण्यापूर्वी वीस मिनिटे, असे पाच आठवडे चालले. २०० व ४०० यांचा घोटाळा शेवटपर्यंत टिकला. ती चिठ्ठी सहा वेळा पहिल्या कप्प्यात परतली. परीक्षेत सूनबाई उत्तीर्ण झाल्या. गटाच्या बायका पेढे घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी तीच मळलेली चिठ्ठी सर्वांस दाखविली.

चिठ्ठ्यांनी यंत्र उडविता येत नाही. त्यास हाताचा सरावच हवा, आणि नियमाचे कारण समजल्यावाचून पाठांतर पोकळ राहते. तथापि ज्यांच्या घरी कोणी परीक्षेस बसणार असेल, त्यांनी आदल्या रात्रीच्या दिव्यावर भिस्त न ठेविता महिनाभर आधी एक रिकामे खोके शोधावे.