आज्ञावली एकच, नक्कल नको!

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात नागपुरात एके दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ती वेळ कोणती? आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. नागपूर सुमारे ७९.१ अंशांवर. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणून १२ वाजण्यात जवळजवळ १४ मिनिटे मिळवायची. त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या ३ मिनिटे पुढे असतो, ती वजा करायची. उत्तर आले १२ वाजून ११ मिनिटे.

समजा, हा हिशेब करणारी आज्ञावली तुम्ही पायथन भाषेत लिहिली आणि शाळेच्या संकेतस्थळावर उतरवली. पुढे दिसले, की १४ मिनिटे मिळवण्याऐवजी वजा झाली आहेत. मूळ फाइल तुम्ही सुधारली, पानावरची नक्कल मात्र तशीच राहिली. ती वापरणारा विद्यार्थी ११ वाजून ४३ मिनिटांनीच काठी रोवील आणि १ मीटर काठीची सुमारे ११ सेंटिमीटर सावली पाहून बुचकळ्यात पडेल!

यावर उपाय सोपा आहे. पानात आज्ञावली न लिहिता केवळ फाइलचे नाव लिहावे. पण स्थिर संकेतस्थळाचा सर्व्हर तयार पाने जशीच्या तशी पाठवतो. मग फाइल वाचणार कोण? याचे दोन मार्ग आहेत. पाने तयार करतानाच तुमचा संगणक फाइल वाचून मजकूर पानात भरतो. किंवा वाचकाचा ब्राउझर ती फाइल वेगळी मागवून घेतो. दुसऱ्या मार्गात घरी पान नुसते उघडून चालत नाही. ब्राउझर सहसा अशी फाइल वाचू देत नाही; संगणकावर छोटा सर्व्हर चालवावा लागतो.

आता रंगांकडे वळू. रंग देणारा प्रोग्रॅम मजकुराचे तुकडे पाडतो: राखीव शब्द, संख्या, अवतरणातील मजकूर, टीप. प्रत्येक प्रकाराला एक रंग. टिपेत राखीव शब्द आला, तरी तो टिपेच्याच रंगात राहतो. म्हणून नुसते शब्द शोधून भागत नाही. शिवाय ‘<’ हे चिन्ह ब्राउझरला पानाच्या रचनेची खूण वाटते. ते आधी सांकेतिक रूपात बदलले नाही, तर पुढचा मजकूर गडप होऊ शकतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. रंग व्याकरण दाखवतात, सत्य नव्हे. चुकीचे वजाचिन्हही तितक्याच सुंदर रंगात उमटते. ते पकडायला काठी आणि ऊनच हवे!