घड्याळ कुठे थांबते?

वडील गेले आणि त्यांचे जुने मनगटी घड्याळ माझ्याकडे आले. किल्ली दिली की सकाळभर नीट चालावे, आणि पुढे मनात येईल तेव्हा थांबावे! जरा हलवले की पुन्हा सुरू. "जास्त किल्ली देऊन तुम्हीच बिघडवलेत, आता नवे घ्या," असा निकाल घरात लागला.

शेवटी एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. ते म्हणाले, "पूर्ण किल्ली दिल्याने घड्याळ बिघडत नाही. कधी थांबते ते आठ दिवस लिहून आणा." उताणे किंवा पालथे ठेवल्यावरच थांबत असेल, तर दोष बहुधा बॅलन्सच्या चाकाच्या आसाशी. किल्ली लवकर संपत असेल, तर कमानीत. केव्हाही, कसेही थांबत असेल, तर तेल वाळलेले किंवा धूळ बसलेली.

माझी टिपणे अशी होती : १-०५, ३-१६, ४-२२. ती वाचून घड्याळजी हसले. या प्रत्येक वेळी दोन्ही काटे एकावर एक येतात! बारा तासांत ११ वेळा त्यांची गाठ पडते, आणि खाली वाकलेला मिनिटकाटा तासकाट्याला अडत होता. कमान भरलेली असेतो तो रेटून पुढे जाई. जोर ओसरला की अडकून बसे. त्यांनी चिमट्याने काटा केसभर उचलला. झाले!

आता ते घड्याळ तासाला १८,००० ठोके बिनतक्रार देते. रोज सकाळी सातला किल्ली देण्याचा वडिलांचा नेम मीच चालवतो.