दोन करड्यांतला कोणता?

घराला रंग काढायचा ठरला, की लाल-हिरव्यावरून फारसा वाद होत नाही. खरी पंचाईत होते ती दोन फिकट, धुरकट रंगांपुढे. नमुन्यांच्या पुस्तकातले दोन करडे सगळ्यांना पसंत पडतात, आणि मग आठ दिवस कोणाचेच काही ठरत नाही! 'दोन्ही सारखेच तर आहेत, कोणताही लावा,' असे घरातले कर्ते म्हणतात. पण भिंतीवर चढले म्हणजे ते सारखे राहात नाहीत, आणि मग चार-पाच वर्षे त्यांच्याकडे बघत बसावे लागते.

निव्वळ काळ्या-पांढऱ्याचा करडा बाजारात क्वचितच मिळतो. त्यात किंचित पिवळे, निळे किंवा तांबडे मिसळलेले असतेच. हीच त्याची झाक. दोन्ही नमुने कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मघाशी सारखे वाटणारे रंग लगेच वेगळे होतात. एक निळसर, दुसरा पिवळसर.

शेजाऱ्यावाचून रंग कळत नाही, हे पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यातल्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने 1839 सालच्या ग्रंथात सविस्तर मांडले. तिथे नक्षीदार पडदे विणले जात. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार होती. शेव्रलने तपासले, तर धाग्यात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा भासत होता! आपल्याकडे हे काम लाल कोबा करतो, शहाबादी फरशी करते, आणि कोकणात अंगणातला जांभासुद्धा करतो. त्यावरून परतणारा उजेड तांबूस होऊनच घरात शिरतो.

उजेडाचेही तसेच. उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसे येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्या खोलीत निळसर करडा थंड, उदास वाटतो. तिथे पिवळसर घ्यावा. पश्चिमेच्या खोलीत मात्र पिवळसर करडा संध्याकाळी मळकट दिसू लागतो. रात्रीचा दिवा कोणता, हेही बघा. 2700 केल्विनचा दिवा पिवळट, 6500 चा निळसर. दिवसा जुळलेले रंग दिव्याखाली फटकून वागतात ते यामुळेच.

तेव्हा नमुना थेट जुन्या भिंतीवर ओढू नका. जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट लांबीरुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, एक दिवस वाळू द्या, आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर निरनिराळ्या भिंतींना टेकवून पाहा. कंटाळवाणे आहे खरे, पण सगळी खोली पुन्हा रंगवण्यापेक्षा स्वस्त.

घरात वडीलधारी माणसे असतील, तर मात्र सौंदर्याचा विचार थोडा बाजूला ठेवावा, असे मला वाटते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते, आणि फिकट छटांतला फरक कळेनासा होतो. भिंत, दाराची चौकट आणि न्हाणीघराचा उंबरा एकाच करड्याचे झाले, की कड दिसत नाही आणि आजी अडखळते. अशा वेळी दोघांपैकी जो फरशीपासून आणि चौकटीपासून अधिक उठून दिसेल, तोच घ्यावा. मग तो कोणाला थोडा कमी आवडला तरी चालेल.

आणि डबे एकदमच आणा. दुसऱ्या खेपेला मिसळून आणलेला रंग थोडा वेगळा निघू शकतो. उरलेल्या डब्यावर छटेचा क्रमांक लिहून तो माळ्यावर ठेवा. भिंतीत खिळा ठोकताना पोपडा निघाला, की तोच उपयोगी पडतो.