मशीन गेलं, मोटर राहिली

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन भंगारात निघतं ते बहुतेक वेळा टायमर अडकला किंवा टबाला तडा गेला म्हणून. कपडे फिरवणारी मोटर धडधाकट असते. भंगारवाला ती किलोवर घेतो. आतली तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, एवढंच त्याला बघायचं असतं. तिच्यावर लाकूड घासायची चकती छान बसते.

मोटरीतून तीन वायरी निघतात. रंगांवर विसंबू नये, ते कंपनीगणिक बदलतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन-दोन वायरी मोजायच्या. कपडे उलटसुलट फिरवायचे असल्यानं दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात. समजा दोन जोड्यांत 30-30 ओहम आले, तर तिसऱ्या जोडीत 60 येतात. ही 60 वाली जोडी म्हणजे दोन टोकं, उरलेली वायर कॉमन. मशीनमधलाच कॅपॅसिटर टोकांच्या मध्ये, न्यूट्रल कॉमनला, फेज एका टोकाला. फेज दुसऱ्या टोकाला दिला की मोटर उलटी फिरते. बॉडीला अर्थिंग हवंच, त्यात चालढकल नको.

वेग मिनिटाला साधारण 1400 फेरे. शाफ्टच्या मापाची फ्लँज लेथवाल्याकडून करून घेतली, तिच्यावर 8 इंची प्लायची चकती आवळली आणि पॉलिश पेपर चिकटवला. काठाचा वेग सेकंदाला जवळजवळ 15 मीटर भरतो. लाकडाला तेवढा पुरतो.

‘त्यापेक्षा जुन्या मिक्सरची मोटर लाव की’, हा सल्ला हमखास मिळतो. ती रिकामी असताना मिनिटाला 18-20 हजार फेरे घेते. 6 इंची ग्राइंडिंग चाकावर छापलेली मर्यादा असते चार हजारांच्या आसपास. असं चाक मिक्सरच्या मोटरीवर चढवणं म्हणजे जिवाशी खेळ.

खाली बैठक म्हणून घरातला सागवानी पाट घेतला. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, आता वाकायचं नाव नाही. ‘जेवायच्या पाटावर मोटर?’ आईनं विचारलं. खाली मांडी घालून जेवायला बसतंय कोण आता, हे मी मनातच ठेवलं. पितळी फुल्या तेवढ्या काढून तिला दिल्या.

लाकूड नेहमी चकतीच्या खाली येणाऱ्या अर्ध्यावर धरायचं. तिथं ते टेबलावर दाबलं जातं. दुसऱ्या अर्ध्यावर उचललं जाऊन तोंडावर येतं. समोरून बघताना चकती घड्याळाच्या उलट फिरत असेल तर डावी बाजू खाली येते. मी डावखुरा, मला उजवी बाजू सोयीची, म्हणून फेजची वायर बदलली. बाजारातल्या तयार मशीनमध्ये ही सोय सहसा नसते.

भुसा मात्र मोटरीच्या जाळीतून आत शिरतो. जाळी कापडानं झाकली तर मोटर तापते. तेव्हा काम झालं की प्लग काढायचा आणि सायकलच्या पंपानं भुसा उडवून टाकायचा. मास्क लावून.