"रोज काय टाकायचं?" याचं उत्तर गिऱ्हाईकच देतंय, लिहून घ्या

पेज उघडायला एक दुपार पुरते. नाव, लोगो, फोन नंबर आणि पहिली पोस्ट, "आपल्या सेवेत रुजू". पाहुणे-रावळे लाइक करतात. मग शुभ सकाळ, एकादशीच्या शुभेच्छा, एक-दोन ऑफर. पंधरा-वीस दिवसांत सगळं संपतं आणि तुम्ही मोबाईल हातात घेऊन बसता : आता काय टाकायचं? सुचत नाही म्हणून आज राहतं, उद्या राहतं. पुढं कधीतरी एखादं नवीन गिऱ्हाईक पेज उघडतं, शेवटची पोस्ट मागच्या दिवाळीची बघतं आणि समजतं की धंदा बंद झाला असणार. तुम्ही मात्र दुकानात बसलेलेच असता. माझ्या मते पेज नसण्यापेक्षा असं अर्धवट सोडलेलं पेज जास्त महागात पडतं.

कल्पना संपल्या असं वाटतं, कारण आपण त्या चुकीच्या जागी शोधतो. मोठ्या शहरातली रील बघायची, तेच गाणं लावायचं, तसंच हात हलवून दाखवायचं. त्यात तुमचा माल कुठंय?

सांगोलेकरांना तर हे समजायला लांब जायला नको. जून २०२२ आठवा. इथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीला होते आणि तिथून त्यांनी आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर बोललेली क्लिप बाहेर आली. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील..." आठवड्याभरात सगळा महाराष्ट्र तेच बोलत होता, त्यावर गाणीसुद्धा आली. राजकारण बाजूला ठेवा, धंदेवाल्याच्या नजरेनं बघा. त्या बोलण्याला स्क्रिप्ट नव्हती. ओळखीच्या माणसानं विचारलं, बापूंनी जे दिसतंय ते आपल्या बोलीत सांगितलं. लोकांना ते खरं वाटलं. नंतर ज्यांनी तेच वाक्य उचलून आपल्या जाहिरातीवर चिकटवलं, त्यांच्याकडं आठवण राहिली ती बापूंची, दुकानाची नाही. उचलायचं असेल तर वाक्य नको, पद्धत उचला : कुणीतरी विचारतंय आणि तुम्ही तुमच्या भाषेत उत्तर देताय.

आता धंद्यावर येऊ. समजा तुमचं सांगोल्यात मिरची कांडपाचं मशीन आहे. फेब्रुवारी ते मे हातात वेळ नसतो आणि पाऊस लागला की माणूस फिरकत नाही. "माझ्या धंद्यात दाखवण्यासारखं काय आहे हो? मिरची टाकायची, चटणी काढायची," असं तुम्ही म्हणाल. पण काउंटरवर दिवसभर काय ऐकता ते आठवा. "डेठं काढून आणू का तशीच आणू?" "लाल भडक पाहिजे, पण पोरांना तिखट लागायला नको." "घट किती येते?" "वर्षभर टिकंल का, जाळी धरायची नाही ना?" "माझीच मिरची मला मिळंल ना?"

हे पाचही प्रश्न म्हणजे पाच व्हिडिओ आहेत, आणि शेवटचे तीन तर गिऱ्हाईक मनातल्या मनात विचारतं, तोंडावर विचारतच नाही. तिथंच खरी गोष्ट अडलेली असते. घटीचंच घ्या. तुमच्याकडं प्रामाणिक काम होतं, पण बाईच्या मनात शंका असतेच की चटणी कमी का भरली. मग एकदा कॅमेऱ्यासमोर वजन करा. डेठासकट मिरची किती, डेठ काढल्यावर किती, उन्हात कडक वाळवल्यावर किती, कांडून किती. काट्यावरचा आकडा जवळून दिसू द्या. दीड मिनिटाचा व्हिडिओ, गाणं नको, मशीनचा आवाज असू द्या. तो एक व्हिडिओ शंभर शुभेच्छांपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणेल, कारण बाई तो जावेला पाठवेल.

रंगाचा प्रश्न घेतलात तर ब्याडगी आणि लवंगी शेजारी ठेवा. ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला जोरदार, तिखटाला कमी. लवंगी बारीक, पण झणका मोठा. दोन्ही किती प्रमाणात मिसळली की कसली चटणी होते हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? पावसाळ्यात, मशीन थंड असताना, टिकवण्यावर बोला : ओला चमचा बरणीत गेला की काय होतं, हिंगाचा खडा का ठेवतात. म्हणजे मंदीच्या महिन्यातही पेज चालू राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात लोकांना तुमचं नाव आठवतं.

हे जमण्यासाठी एकच सामान लागतं, काउंटरवर एक शंभर पानी वही. प्रश्न आला की लिहायचा, आणि गिऱ्हाईकाच्याच शब्दांत लिहायचा. हे शब्द फार कामाचे असतात. तुम्ही "कांडप" म्हणता, नवी पिढी मोबाईलवर "मिरची दळून मिळेल का" असं शोधते. व्हिडिओच्या नावात दोन्ही शब्द हवेत. वही कोरी असेल तर आपल्या व्हॉट्सअॅपचे जुने मेसेज वर सरकवत जा, प्रश्नचिन्हं आपोआप दिसतील. यूट्यूबच्या शोधपट्टीत आपल्या मालाचं नाव मराठीत टाइप करा, खाली जी यादी उघडते ती लोकांनी खरोखर शोधलेल्या गोष्टींची असते. व्हॉट्सअॅप स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून चांगलं उत्तर तिथंच वाया घालवू नका. यूट्यूबवर ठेवा आणि स्टेटसला लिंक द्या.

डाळिंबवाल्यांसाठी हे जास्तच लागू आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे आपल्या सांगोल्यातून सुटली, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. माल एवढा लांब जातो, पण बागायतदार आणि खाणारा यांची गाठ पडत नाही. तुम्ही घरपोच पेटी विकायला बघताय तर समोरच्याला फळ हातात घेता येत नाही, म्हणून तो घाबरतो. त्याची भीती हाच तुमचा विषय. साल सुकल्यासारखी दिसली तरी आत दाणे कसे असतात ते फोडून दाखवा. फळ का तडकतं सांगा. मृग बहार कधी, हस्त बहार कधी, मधल्या महिन्यांत तुमच्याकडं फळ का नसतं तेही सांगा. "आत्ता माल नाही" हे उघडपणे सांगणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात.

कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही, ही तक्रार मला दर बॅचला ऐकू येते. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं "आपली आजी" चॅनेल बघा. सत्तरी ओलांडलेल्या आजी, सोबत नातू, सुरुवात २०२० च्या आसपास. कारल्याच्या भाजीसारखा साधा विषय, तोही लाखो लोकांनी पाहिला. बोलणं घरातलंच. तुमचं तोंड दाखवायचं नसेल तर नुसते हात दाखवा, मागून आवाज द्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. गिऱ्हाईकाचा चेहरा किंवा आवाज विचारल्याशिवाय टाकू नका, विशेषतः बायाबापड्यांचा. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. आणि शेजारच्या दुकानदाराची चटणी कशी भेसळीची, असले व्हिडिओ करू नका. दोन दिवस मजा येते, मग त्याच्या पाहुण्यांतलं गिऱ्हाईक कायमचं जातं.

येत्या रविवारी जनावरांच्या बाजारामुळं गावात गर्दी असेल, बाहेरगावची माणसं दुकानात येतील. त्या दिवशी काही शूट करू नका. वही उघडी ठेवा आणि संध्याकाळपर्यंत आलेले प्रश्न नुसते लिहून काढा. जो प्रश्न तीनदा आला, त्याचा व्हिडिओ सोमवारी सकाळी, दुकान झाडून झाल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आधी करा.