दगडातल्या सापाचा सांधा

नागपुरात इतवारीच्या सराफा बाजारात आमच्या दुकानाच्या माळ्यावर बाबांचं बाकडं आहे. त्यांच्या तिजोरीत आजोबांनी घडवलेला तोड्यांचा एक जोड आहे. त्याचा सांधा मिटला की रेघसुद्धा दिसत नाही. तो कसा बसवला, हे आजोबांनी कुणालाच सांगितलं नाही, पोटच्या पोरालाही नाही. ते गेले आणि ती करामतही गेली. बाबांना याचं दुःख आजही आहे.

एका रात्री त्याच माळ्यावर मी मोबाईलवर एक शोधनिबंध वाचत बसलो होतो. त्यातली गोष्ट सुरू होते गुजरातमधल्या धोली डुंगरीला. तिथल्या लॅमेटा नावाच्या थरातल्या दगडात आपल्या नागपूरचे भूवैज्ञानिक डॉ. धनंजय मोहबे यांना डायनासोरची अंडी सापडली. अंड्यांशेजारी बारीक हाडं होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तेव्हा काम करणाऱ्या मोहबे यांनी 1987 मध्ये त्यावर निबंध लिहिला. हाडं डायनासोरच्या पिलाची, असं त्यात म्हटलं होतं. अंड्यांजवळ दुसरं कोण असणार?

पुढे 14 वर्षं गेली. 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि त्यांची नजर मणक्यांवर खिळली. सापाच्या मणक्याला पुढच्या बाजूला एक जादा खुंटी असते. ती पुढच्या मणक्याच्या खाचेत बसते, म्हणून एवढं लवचीक अंग पिळवटूनही निखळत नाही. डायनासोरच्या पिलाच्या पाठीत हा सांधा कुठून येणार? तो साप होता! फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, साडेतीन मीटर लांब. शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचं, नुकतंच अंड्यातून निघालेलं डायनासोरचं पिलू. घास घ्यायच्या बेतात असतानाच बहुधा वाळूचा लोंढा आला आणि शिकारी, शिकार, घरटं सगळं जागच्या जागी गाडलं गेलं. सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी.

मला मोठं वाटतं ते मोहबे यांचं मन. स्वतःच्या नावावर छापलेला निष्कर्ष दुसऱ्याच्या नजरेपुढे ठेवायचा, तो बदलला तर बदलू द्यायचा आणि नव्या निबंधात बरोबरीने उभं राहायचं, हे सोपं नाही. सापाचं नाव ठेवलं ‘सनाजेह इंडिकस’. मार्च 2010 मध्ये निबंध ‘प्लॉस बायॉलॉजी’त आला. 2003 साली सुरू झालेलं हे नियतकालिक इंटरनेटवर सगळ्यांना खुलं आहे. वाचायला पैसे नकोत, परवानगी नको. उतरवून घ्या, मराठीत आणा, चित्रं वापरा. फक्त मूळ लेखकांचं नाव द्या. इतर कित्येक नियतकालिकांत एकेका निबंधाला हजारो रुपये पडतात. तसं असतं, तर तो साप आमच्या माळ्यापर्यंत कधीच पोचला नसता.

बाबा काम आवरून मागे येऊन उभे राहिले. मी मणक्याचं चित्र मोठं केलं होतं. काही सांगायच्या आत त्यांनी डोळ्याचं भिंग पुन्हा लावलं आणि पडद्यावर वाकले.

“ही खुंटी या खाचेत जाते. मंग वाकते, पण निघत नाही. काऊन बे, साप आहे का हा?”

माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना सगळी हकिगत वाचून दाखवली. इंग्रजीतलं अवघड वाक्य आलं की थांबून मराठीत सांगत होतो. ते मधूनच चित्राकडे परत न्यायला लावत. अंडी किती, पिलू कुठल्या बाजूला, सापाचं तोंड कुठं... खालच्या बोळातली शेवटची शटरं पडली तरी आम्ही तिथेच होतो.

“आणि हे कोणीही पाहू शकते?”

“कोणीही.”

सकाळी दुकान उघडताच बाबांनी तिजोरीतून आजोबांचे तोडे काढले, मखमलीच्या तुकड्यावर ठेवले आणि दिवा जवळ ओढला.

“याचा फोटो काढ. सांध्याच्या चारही बाजूनं. आन टाक तिकडं. कोणाला तरी कळन.”