भाड्याच्या नावेचे घर होताना

इंग्लंडमधल्या एखाद्या कालव्याच्या काठाने चालत गेले तर लांबलचक पण रुंदीला अगदी बेताच्या नावा ओळीने बांधलेल्या दिसतात. छपरावर फुलझाडांच्या कुंड्या, कोळशाच्या पिशव्या, एखादी सायकल आणि धुराड्यातून निघणारी धुराची रेघ. या नावांत माणसे बारा महिने राहतात. यांतल्या कित्येक नावा एके काळी सुट्टीतल्या प्रवाशांना आठवड्याच्या बोलीवर भाड्याने दिल्या जात. भाड्याच्या धंद्यातून बाद झालेली अशी नाव विकत घ्यायची आणि तिचे घर करायचे, ही तिकडे चांगलीच रुळलेली गोष्ट आहे.

आपल्याला वाटेल, आठवडाभर जी नाव चालते ती वर्षभर का चालू नये? नवे पडदे, नवी गादी, एखादे कपाट, झाले! प्रत्यक्षात पहिल्याच हिवाळ्यात गादी खालून ओली लागू लागते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते आणि सकाळी खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ येतात. छपराला तर कोठे भोक नसते. मग हे पाणी येते कोठून? प्रश्न आठवी-नववीच्या विज्ञानाचा आहे. पण त्याचे चुकीचे उत्तर काढून त्याप्रमाणे वागले, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून आपण तो जरा सविस्तर पाहू.

आधी या नावांची रुंदी. ती २ मीटरांच्या जरा वर, म्हणजे ६ फूट १० इंच असते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर जी लॉक बांधायला घेतली, ती सुमारे ७ फूट रुंदीची होती. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर चढवतात किंवा खाली उतरवतात. लॉकची रुंदी ठरली तशी नावेचीही ठरली, आणि आजही ती बदललेली नाही. रेल्वे आणि मोटारी आल्यावर कालव्यांवरची मालवाहतूक आटत गेली. १९६२-६३च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठून राहिले आणि उरलासुरला धंदाही जवळजवळ संपला. पुढे मौजेखातर फिरणारे लोक आले, त्यांच्यासाठी पोलादी सांगाड्याच्या भाड्याच्या नावा आल्या. मालाच्या जागी माणसे! केरळात भात वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम नावांचेही पुढे असेच झाले.

भाड्याची नाव बांधणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. जास्तीत जास्त माणसे झोपली पाहिजेत, आणि हंगाम मुख्यतः वसंत ते शरद. तेव्हा आत एकावर एक बाकवजा बिछाने असतात, कपाटे नावापुरती, आणि उष्णतारोधनावर फारसा खर्च नसतो. घर करणारा पहिल्यांदा हे बिछाने उपटतो आणि त्या जागी बिडाची शेगडी, धुलाईयंत्र, पुस्तके, कोळसा आणून ठेवतो. इथे आर्किमिडीज आडवा येतो.

समजा नाव १७ मीटर लांब आहे. पुढचे टोक निमुळते असल्याने पाण्याच्या पातळीवरचे तिचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर धरू. ती १ सेंटीमीटर खाली गेली तर ०.३२ घनमीटर, म्हणजे ३२० किलो पाणी बाजूला सारेल. उलट अर्थाने, १ टन संसार वाढवला की नाव ३ सेंटीमीटरांनी खाली बसणार. ३ सेंटीमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण मोरीचे पाणी बाहेर सोडणारी छिद्रे पाण्याच्या रेषेपासून फार वर नसतात, आणि शेगडी एकाच बाजूला असली तर नाव त्या बाजूला कलते. उपाय नावेतच असतो. फरशीच्या फळ्यांखाली नाव स्थिर राहावी म्हणून विटा किंवा फरश्या ठेवलेल्या असतात. जेवढे वजन वर आले, तेवढ्या विटा काढायच्या आणि उरलेल्या दुसऱ्या बाजूला सरकवायच्या. मात्र सगळ्या काढून चालत नाही, कारण मग गुरुत्वमध्य वर सरकतो आणि नाव डोलू लागते.

विटा उचलल्या की तळाचे पोलाद दिसते, आणि ते पाहणे फार आवश्यक असते. विकत घेण्यापूर्वी नाव पाण्याबाहेर काढून तपासनीस श्राव्यातीत ध्वनीने पत्र्याची जाडी मोजतो. ध्वनी पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. ६ मिलिमीटर पत्र्याच्या पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला त्याला सुमारे २ मायक्रोसेकंद लागतात. वेळ याहून कमी भरली तर तेवढा पत्रा गंजाने खाल्ला, असा अर्थ. बाहेरून गंज लागू नये म्हणून दर दोन-तीन वर्षांनी डांबरी लेप देतात आणि नावेला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. मॅग्नेशियम पोलादापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून झीज त्याची होते आणि पोलाद वाचते. समुद्रात याच कामासाठी जस्त वापरतात. गोड्या पाण्याची विद्युत्‌वाहकता कमी असल्याने तेथे जस्त पुरे पडत नाही.

हे झाले बाहेरच्या गंजाविषयी. घर झालेल्या नावेला आतल्या गंजाचाही धोका असतो, आणि तो आणणारे पाणी कालव्याचे नसतेच. ते राहणाऱ्यांचेच असते.

एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून दिवसाकाठी पाऊण ते एक लिटर पाणी हवेत सोडतो. स्वयंपाकाची वाफ वेगळी, वाळत घातलेल्या कपड्यांची वेगळी. शिवाय गॅस. प्रोपेनच्या एका रेणूत हायड्रोजनचे आठ अणू असतात, म्हणून तो पूर्ण जळला की पाण्याचे चार रेणू तयार होतात. ४४ ग्रॅम प्रोपेनपासून ७२ ग्रॅम पाणी! (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. जळण्यातून पाणी तयार होते हे समीकरणात लिहिणारी मुलेही ते मनातून मानत नाहीत.) नावेवर सहसा १३ किलोंची टाकी असते. ती संपेपर्यंत २१ किलोंहून अधिक पाणी त्या अरुंद खोलीत वाफेच्या रूपाने आलेले असते.

२० अंश सेल्सियसच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प मावते. ५ अंशांच्या हवेत फक्त ६.८ ग्रॅम. खोलीची आर्द्रता ६० टक्के असली तर घनमीटरात १०.४ ग्रॅम बाष्प असेल, आणि सुमारे १२ अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर त्याचे पाणी होऊ लागेल. हिवाळ्यात कालव्याचे पाणी ४-५ अंशांवर असते. त्याला टेकलेला पत्राही जवळपास तेवढाच थंड. म्हणजे माणूस बसतो त्या बाकाच्या मागे, गादीखाली, कपाटाच्या पाठीशी रात्रंदिवस दव पडत असते. ते ओघळून विटांखाली साचते आणि पोलाद आतून खाते.

यावर उपाय म्हणजे ओलसर हवेची आणि थंड पत्र्याची गाठ पडू न देणे. त्यासाठी घर करणारे आतले लाकूडकाम उतरवून पत्र्यावर पॉलियुरेथेनचा फेस फवारतात. पोलादाची उष्णतावाहकता या फेसाच्या सुमारे २,००० पट आहे. २५ मिलिमीटर फेस जेवढा अडथळा करतो तेवढा करायला पोलादाची ५० मीटर जाड भिंत लागेल! पण केवळ रोधकता पुरेशी नाही. फेस पत्र्याला घट्ट चिकटतो, हा त्याचा खरा गुण. जुन्या भाड्याच्या नावांत बहुधा थर्मोकोलची तावे बसवलेली असतात. ताव आणि पत्रा यांच्यात फट राहते, बाष्प तेथे शिरते आणि नजरेआड पाणी होते.

हे वर्गात दाखवता येते. स्टीलच्या तीन पेल्यांत बर्फाचे पाणी घ्यावे. एक उघडा ठेवावा, दुसऱ्याभोवती थर्मोकोल सैल गुंडाळावा, तिसऱ्याभोवती फट न ठेवता चिकटपट्टीने बंद करावा. अर्ध्या तासाने थर्मोकोल काढून पाहावे. पावसाळ्यात किंवा कोकणात हा प्रयोग झटकन जमतो. विदर्भात मे महिन्यात करायला गेल्यास पेल्यांना घाम कमीच येईल, आणि तेही मुलांशी बोलण्याजोगेच आहे.

थर्मोकोलची आणखी एक खोड आहे. तो विजेच्या तारांच्या पीव्हीसी वेष्टनाला टेकून राहिला तर वेष्टन मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू थर्मोकोलमध्ये जाते. थर्मोकोल वितळल्यासारखा होतो आणि वेष्टन कडक होऊन तडकते. भिंती उघडल्याच आहेत तर तारा बदललेल्या बऱ्या. जाडही कराव्यात, कारण नावेतली वीज १२ व्होल्टची असते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० मीटरवरच्या फ्रिजला ५ अँपिअर द्यायचे तर जाण्यायेण्याच्या २० मीटर तारेतच सव्वा व्होल्टच्या आसपास खर्ची पडतो. घरातल्या २३० व्होल्टमध्ये तेवढा कोणाला कळणारही नाही. १२ व्होल्टमध्ये तो दहावा हिस्सा होतो आणि फ्रिज सुरू होईनासा होतो.

आता मुख्य गोष्ट. पत्रा झाकला तरी बाष्प तयार होणे थांबत नाही. ते बाहेर गेलेच पाहिजे. त्यासाठी छपरात झाकणवजा झरोके आणि दारांत खाली जाळीची छिद्रे असतात. बोचऱ्या थंडीच्या रात्री या छिद्रांतून वारा येतो आणि माणसाला वाटते, ही बुजवली की नाव उबदार होईल. चिंध्या कोंबल्या जातात. सुरुवातीला वाढतो तो नुसता ओलावा. पण बिडाची शेगडी पेटलेली असेल तर तीही त्याच हवेवर जगत असते. धुराड्यातून जेवढा वायू वर जातो तेवढी हवा खोलीत आली नाही, तर धुराड्याची ओढ मंदावते, कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठू लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. झोपलेल्याला तर तेवढीही सूचना मिळत नाही. आपल्याकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने किंवा कोंदट न्हाणीघरात गॅसच्या गिझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हाच वायू असतो.

खरे म्हणजे चांगले धुराडे असलेली शेगडी ओलाव्याच्या बाबतीत नावेचा मित्रच आहे. जळण्यातून होणारे बाष्प ती धुराड्यातून बाहेर टाकते आणि खोलीतली ओलसर हवाही ओढून नेते. धुराडे नसलेला गॅसचा हीटर नेमके उलट करतो. ऊब देतो आणि बरोबर पाणीही. म्हणून छिद्रे उघडी ठेवून शेगडी पेटवणे हे छिद्रे बुजवून हीटर लावण्यापेक्षा कोरडेही असते आणि सुरक्षितही. थोडा कोळसा जास्त जाळावा लागतो, तो फेसाच्या थराने वाचवायचा.

स्वयंपाकाच्या गॅसची गळती मात्र छतातल्या झरोक्यांनी जात नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. बादलीत पाणी साठावे तसा तो नावेच्या तळात साठतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून गॅसची टाकी खोलीपासून पूर्णपणे अलग अशा कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे छिद्र ठेवतात. वर सांगितलेले ३ सेंटीमीटर आठवा. संसार वाढवून नाव खाली बसली आणि हे छिद्र पाण्यात गेले, तर गॅसला बाहेरची वाट उरत नाही.

ब्रिटनच्या बहुतेक कालव्यांवर परवाना हवा असेल तर दर चार वर्षांनी नावेची सुरक्षातपासणी करून घ्यावी लागते. एप्रिल २०१९पासून राहण्याची सोय असलेल्या नावेत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असणे त्या तपासणीत सक्तीचे झाले आहे. तपासनीस येतो, गॅसच्या कप्प्याचे छिद्र पाहतो, शेगडीचे धुराडे पाहतो आणि त्या यंत्राचे बटण दाबून ते वाजते की नाही हे ऐकतो.